शाळेत वरच्या पातळीचं जर्मन: इंग्रजीची कुबडी सोडून मराठीतून अभ्यास कसा करावा

माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत जर्मन हा वरच्या पातळीचा विषय म्हणून घेतला की अभ्यासाचं रूपच बदलतं. आधीच्या वर्गांत आपलं नाव, घरचे लोक, दिनक्रम, सुट्टी कशी घालवली एवढ्यावर भागत होतं. आता एखाद्या प्रश्नावर मत मांडायचं, ते पुराव्यानिशी पटवून द्यायचं, मूळ जर्मन साहित्यकृती वाचायची आणि तिच्यावर जर्मनमध्येच लिहायचं. युरोप परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषिक पातळ्यांच्या चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत. बहुतेक विद्यार्थी हा विषय घेताना ए2 किंवा बी1वर असतात आणि शेवटी त्यांच्याकडून बी2ची, कुठे कुठे सी1ची अपेक्षा असते. ही मधली चढण सगळ्यात लांब आहे.

या चढणीवर मराठी मुलं दमतात त्याचं मुख्य कारण मला एकच वाटतं. ती जर्मन शिकतात इंग्रजीतून. पुस्तकातली स्पष्टीकरणं इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत, त्यामुळे वाक्यही आधी इंग्रजीत सुचतं आणि मग त्याचं जर्मन होतं. सुरुवातीला हे खपून जातं. वरच्या पातळीवर मात्र जिथे जिथे वाक्य लांब होतं, तिथे इंग्रजीची रचना जर्मनच्या विरुद्ध दिशेला ओढते. मराठीची रचना आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी जर्मनच्या बरोबर चालते. ते ओळखून अभ्यास केला तर निम्मं व्याकरण आपल्याला आधीच येत असतं.

एक सूचना: या लेखात जर्मन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत आणि शब्दाच्या शेवटी येणारा तोकडा स्वर अनुस्वाराने दाखवला आहे. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा. जर्मनमध्ये नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, ती सवय हातालाच लागायला हवी.

आधी परीक्षेचा आराखडा समजून घ्या

अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि गुणांकनाचे निकष पहिल्याच आठवड्यात मिळवून वाचा. ए-लेव्हल या ब्रिटिश शालान्त परीक्षेत एक साहित्यकृती आणि एक चित्रपट किंवा दोन साहित्यकृती असतात, शिवाय तोंडी परीक्षेत स्वतः निवडलेल्या विषयावरचा छोटा संशोधन प्रकल्प मांडावा लागतो. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या वरच्या पातळीत दोन साहित्यकृती असतात आणि तोंडी परीक्षा त्यांतल्याच एका उताऱ्यावर होते. जर्मन शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेची 'श्प्राखडिप्लोम' या भाषा-परीक्षेची दुसरी पातळी बी2 आणि सी1 तपासते आणि जर्मन विद्यापीठांत प्रवेशासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालते. ग्योटं संस्थेची बी2 परीक्षा चार स्वतंत्र भागांत होते: वाचन 65 मिनिटं, श्रवण सुमारे 40, लेखन 75 आणि संभाषण सुमारे 15. प्रत्येक भाग 100 गुणांचा आणि उत्तीर्ण व्हायला 60 लागतात.

निकषांत भाषेला किती गुण आहेत आणि आशयाला किती, हे नीट पाहा. पुष्कळ मुलं सगळा वेळ व्याकरणावर घालवतात आणि आशयाचे गुण घालवून बसतात.

मराठीत जे आधीच आहे, ते वापरा

यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

गौण वाक्यापासून सुरुवात करा. 'कारण', 'जरी', 'की' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणाऱ्या जर्मन वाक्यांशात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून येणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण 'मी काल आजारी होतो' याचा क्रम पाहा: मी, काल, आजारी, होतो. जर्मनमध्ये 'वाइल' म्हणजे 'कारण' या शब्दानंतर हाच क्रम येतो: 'वाइल इश गेस्टर्न क्रांक वार'. मी, काल, आजारी, होतो. काहीच हलवावं लागत नाही. रोज मराठीत अशी दहा वाक्यं मनात घ्या आणि पुढे फक्त वाइल, दास (की), ओब्वोल (जरी) किंवा वेन (जर) लावून जर्मन करा. दोन आठवड्यांत क्रियापद आपोआप शेवटी पडू लागतं.

वाक्यातल्या इतर भागांचा क्रमही तसाच. जर्मन शिक्षक हा क्रम 'टेकामोलो' म्हणून पाठ करून घेतात: आधी काळ, मग कारण, मग रीत, मग ठिकाण. 'मी आज पावसामुळे बसने शाळेत गेलो' हे मराठी वाक्य त्याच क्रमात आहे. 'इश बिन हॉयटं वेगन देस रेगन्स मिट देम बुस त्सुर शूलं गफारन' या वाक्यात साहाय्यक क्रियापद 'बिन' दुसऱ्या जागी आलं एवढंच, बाकी आज, पावसामुळे, बसने, शाळेत ही रांग तशीच.

वर्तमानपत्री जर्मनमध्ये नामाआधी लांबलचक विशेषण येतं, ते पाहून मुलं घाबरतात. 'दास फॉन मायनम ब्रूडर गकाउफ्टं बूख' याचं इंग्रजी करायला वाक्य मोडावं लागतं. मराठीत ते सरळ 'माझ्या भावाने विकत घेतलेलं पुस्तक' असं उतरतं. आपल्या '-लेला, -लेली, -लेलं' रूपांनी जे काम होतं तेच इथे होतं. अशी रचना दिसली की इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीत वाचा, अर्थ लगेच लागेल.

विशेषणांचे प्रत्यय हे तर वरच्या वर्गातलं बदनाम प्रकरण. त्यातली गोम अशी: लिंग आणि विभक्ती सांगणारी खूण एकदा कुठेतरी दिसली पाहिजे. उपपदाने ती दाखवली असेल तर विशेषणाला हलका '-अं' किंवा '-अन' प्रत्यय पुरतो. उपपदाने दाखवली नसेल किंवा उपपदच नसेल, तर विशेषणाला ती अंगावर घ्यावी लागते, म्हणून 'काल्टस वासर', थंड पाणी. आता मराठी पाहा. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. पण विभक्ती लागली की चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलांना. तिन्ही लिंगांना 'चांगल्या'. जर्मनमध्ये उपपदानंतरच्या चतुर्थीतही तेच होतं: 'देम गूटन किंड', 'देर गूटन फ्राउ', 'देन गूटन किंडर्न'. सगळीकडे 'गूटन'. म्हणजे 'चांगल्या' म्हणायची जागा आली की '-अन' लावायचं, हा ठोकताळा उपपदानंतरच्या चतुर्थीत अचूक चालतो.

संकेतार्थाचंही तसंच. 'वेळ असता तर आलो असतो' या वाक्यात दोन्ही बाजूंनी क्रियापद बदललेलं आहे. जर्मनमधल्या 'कोन्युंक्टिफ' दोन या क्रियापदाच्या संकेतार्थी रूपातही दोन्ही बाजू बदलतात: 'वेन इश त्साइट गहाप्ट हेटं, वेरं इश गकोमन'. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी इथे एका बाजूला हमखास साधा भूतकाळ टाकतो.

'म्हणे' हा आपला शब्द फार उपयोगी आहे. 'तो आजारी आहे म्हणे', याला जर्मनमध्ये 'एर झोल क्रांक झाइन'. आणि बातम्यांत दुसऱ्याचं म्हणणं सांगताना 'कोन्युंक्टिफ' एक येतो: 'एर हाबं निश्ट्स गवुस्ट', म्हणजे त्याचं म्हणणं असं की त्याला काही माहीत नव्हतं. मराठीतल्या 'म्हणे'त थोडा अविश्वास डोकावतो. 'कोन्युंक्टिफ' एक मात्र तटस्थ असतो, बातमीदार फक्त जबाबदारी बोलणाऱ्यावर ठेवतो. हा फरक लक्षात ठेवलात तर वर्तमानपत्रांतले उतारे दुप्पट वेगाने समजतील.

उपसर्गांकडेही मराठी डोळ्यांनी पाहा. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. 'श्टेहन' म्हणजे उभं राहणं. त्यापासून 'फेरश्टेहन' समजणं, 'बश्टेहन' उत्तीर्ण होणं, 'एंटश्टेहन' निर्माण होणं, 'गश्टेहन' कबूल करणं, 'आउफश्टेहन' उठणं. ब, एम्प, एंट, एर, ग, मिस, फेर आणि त्सेर हे आठ उपसर्ग क्रियापदापासून सुटत नाहीत आणि त्यांच्या भूतकृदंताला 'ग' लागत नाही. एका पानावर एक मूळ क्रियापद आणि त्याचं सगळं कुटुंब, अशी वही करा.

मराठी जिथे फसवते

मराठीवर आंधळा भरवसाही ठेवू नका. प्रधान वाक्यात क्रियापद दुसऱ्याच जागी हवं. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. 'हॉयटं' म्हणजे 'आज' आधी आलं की लगेच क्रियापद आणि मग कर्ता: 'हॉयटं गेहं इश'. मराठीची सवय इथे कर्त्याला क्रियापदाच्या आधी आणते.

सगळ्यात मोठा घोटाळा आपल्या 'ला'चा. 'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत मराठी 'त्याला' म्हणते. जर्मन पहिल्या ठिकाणी द्वितीया घेते, 'ईन', आणि दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, 'ईम'. म्हणून क्रियापद शिकतानाच त्याची विभक्ती लिहून ठेवा. चतुर्थी घेणारी क्रियापदं थोडी आहेत, ती पाठच करा: हेल्फन, डांकन, गफालन, गहोरन, फोल्गन, अंटवॉर्टन, फेर्ट्राउअन. यांतलं 'गफालन' मात्र अगदी आपलं आहे. 'मला आवडतं'मधला 'मला' तिथे 'मीर' म्हणून तसाच उभा असतो.

दुसरी फसगत 'त' या प्रत्ययाची. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत जातो' यांत आपण फरक करत नाही. जर्मनमध्ये स्थिर असेल तर चतुर्थी, हालचाल आत शिरणारी असेल तर द्वितीया: 'इन देर शूलं', पण 'इन दी शूलं'. अशी दुहेरी विभक्ती घेणारी शब्दयोगी अव्ययं नऊ आहेत: अन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन. त्यांच्यासाठी 'कुठे आहे' आणि 'कुठे जातोय' असे दोन प्रश्न मनात विचारा.

लिंगाच्या बाबतीत तीन लिंगांची कल्पना आपल्याला परकी नाही, पण मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. मूल नपुंसकलिंगी आणि 'किंड'ही नपुंसकलिंगी, हे जुळलं म्हणून हुरळून जाऊ नये, कारण सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी आणि 'झोनं' स्त्रीलिंगी आहे. त्यापेक्षा शेवटच्या अक्षरांवर भर द्या. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, इओन यांनी संपणारी नामं 'दी', म्हणजे स्त्रीलिंगी. शन आणि लाइन या लघुत्वदर्शक प्रत्ययांची 'दास', म्हणजे नपुंसकलिंगी, म्हणून मुलगी असूनही 'दास मेडशन'. 'इस्मुस' आणि 'लिंग' या जर्मन प्रत्ययांनी संपणारी 'देर', म्हणजे पुल्लिंगी. जोडशब्दाचं लिंग त्यातल्या शेवटच्या शब्दाचं. वरच्या पातळीचा बराचसा वैचारिक शब्दसंग्रह या प्रत्ययांच्या नामांचाच असतो, म्हणून हा नियम इथे खालच्या वर्गांपेक्षा अधिक कामाचा आहे.

शब्द एकटा लिहू नका

वहीत नाम लिहिताना उपपद, अनेकवचन आणि एक पूर्ण वाक्य लिहा. क्रियापद लिहिताना तिन्ही रूपं, बरोबरचं शब्दयोगी अव्यय आणि विभक्ती. 'वार्टन आउफ' द्वितीया घेतं, 'अब्हेंगन फॉन' चतुर्थी. 'झिश फ्रॉयन आउफ' म्हणजे येणाऱ्या गोष्टीची वाट पाहत आनंदणं, आणि 'यूबर' लावलं की झालेल्या गोष्टीचा आनंद. यात तर्क शोधत बसू नका, वाक्यासकट पाठ करा.

निबंधाची भाषा प्रौढ दिसते ती नाम-क्रियापदांच्या ठरलेल्या जोड्यांमुळे: 'आयनं एंटशाइडुंग ट्रेफन' निर्णय घेणं, 'इन फ्रागं श्टेलन' शंका उपस्थित करणं, 'त्सुर फेर्फ्यूगुंग श्टेहन' उपलब्ध असणं, 'रूकझिश्ट नेमन आउफ' विचारात घेणं. आठवड्याला अशा पाचच घ्या, पण त्या आठवड्याच्या लेखनात त्या वापरल्याच पाहिजेत. माझ्या मते वापरात न आणलेला शब्द शिकला असं धरूच नये.

एकच विचार तीन रूपांत

लेखन सुधारण्यासाठी मला एकच सराव निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. एक विचार घ्या आणि तो गौण वाक्याने, क्रियाविशेषणाने आणि नामाने अशा तीन प्रकारे लिहा. 'पाऊस असूनही आम्ही खेळलो' हे घेतलं तर पहिल्या प्रकारात 'ओब्वोल' आणि क्रियापद शेवटी. दुसऱ्यात दोन स्वतंत्र वाक्यं, दुसऱ्याची सुरुवात 'ट्रॉट्सडेम'ने आणि लगेच क्रियापद. तिसऱ्यात 'ट्रॉट्स देस रेगन्स', षष्ठीसह. कारणासाठी वाइल, देसहाल्प, वेगन ही तीच तिकडी. हेतूसाठी डामिट, कर्ता एकच असेल तर 'उम त्सू', आणि नामाबरोबर 'त्सू' किंवा 'फ्यूर'. हे तिहेरी रूपांतर रोज दोन वाक्यांचं केलं तरी काही महिन्यांत निबंधातला एकसुरीपणा जातो.

वादविवादात्मक निबंधाची मांडणी सोपी ठेवा: प्रश्न का महत्त्वाचा, एका बाजूचे दोन मुद्दे उदाहरणासह, दुसऱ्या बाजूचे दोन, मग तुमचं मत आणि त्याचं कारण. 'त्स्वार... आबर' (हे खरं... पण) ही जोडी इथे फार कामाची. समोरच्याचं थोडं मान्य करून आपलं पुढे रेटायचं, हे तिने एका वाक्यात होतं.

शिक्षकांनी तपासून दिलेला निबंध बाजूला ठेवू नका. चुकांची वेगळी वही करा, पण चुका प्रकाराप्रमाणे मांडा: क्रियापदाची जागा, विभक्ती, लिंग, शब्दनिवड, शुद्धलेखन. महिन्याभरात दिसेल की बहुतेक गुण दोन-तीन प्रकारांतच जातात. पुढचा महिना फक्त त्यांच्यावर घाला. शुद्धलेखनात जुन्या पुस्तकांपासून जपा. 1996च्या सुधारणेनंतर आखूड स्वरापुढे 'एसत्सेट' या अक्षराऐवजी दोन 'एस' येतात. दीर्घ स्वर किंवा संयुक्त स्वरापुढे ते अक्षर राहतं. स्वित्झर्लंडमध्ये ते अक्षर वापरतच नाहीत, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रात न दिसल्यास गोंधळू नका.

ऐकणं आणि वाचणं

डॉइचं वेलं ही प्रसारण संस्था संथ गतीने वाचलेल्या बातम्या नियमित देते, मजकुरासह. त्यातला दीड मिनिटाचा तुकडा घ्या. एकदा नुसता ऐका, मग थांबत थांबत लिहून काढा, मग मजकुराशी ताडून पाहा. जिथे चुकलात तिथे शब्द माहीत नव्हता की माहीत असून ऐकू आला नाही, हे ओळखा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हे अवघड वाटलं तर लहान मुलांसाठीच्या 'लोगो' या बातम्यांपासून सुरुवात करा. विषय खरे, भाषा सोपी. तयारी झाली की शंभर सेकंदांचं 'टागेसशाउ'.

वाचताना प्रत्येक अनोळखी शब्द शोधू नका. लांब वाक्यात आधी क्रियापद गाठा, दुसऱ्या जागचं आणि शेवटचं. शेवटी पोचेपर्यंत अर्थ धरून ठेवायची आपल्याला मराठीमुळे सवय आहेच. शब्दकोशासाठी डूडन किंवा डीडब्ल्यूडीएस हे जर्मन-जर्मन कोश वापरा. दुसऱ्यात शब्द कोणत्या शब्दांबरोबर येतो हेही दिसतं, आणि लेखनाला तेच हवं असतं.

साहित्यकृती आणि समाजविषय

नेमलेली साहित्यकृती वर्गात सुरू होण्याआधी एकदा अर्थ पुरता न लागला तरी शेवटपर्यंत वाचून काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रकरणाचा किंवा अंकाचा तीन वाक्यांत जर्मनमध्ये सारांश लिहा, वर्तमानकाळात. तिसऱ्या वाचनात प्रमुख पात्रांसाठी आणि दोन-तीन आशयसूत्रांसाठी छोटी अवतरणं वेचा. पाच-सहा शब्दांची अवतरणं पुरतात. लांब अवतरणं परीक्षेत आठवत नाहीत. कथानक सांगणं म्हणजे विश्लेषण नव्हे, यावर बरीच मुलं अडखळतात. प्रत्येक परिच्छेदात 'लेखकाने हे असं का केलं' याचं उत्तर यायला हवं.

समाजविषयांत ठोस माहिती हवी. जर्मनीची फाळणी हा विषय असेल तर 1949मध्ये दोन वेगळे देश झाले, 13 ऑगस्ट 1961ला बर्लिनमध्ये भिंतीचं काम सुरू झालं, 9 नोव्हेंबर 1989ला ती खुली झाली आणि 3 ऑक्टोबर 1990ला एकीकरण झालं, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. स्थलांतर असेल तर 1955चा इटलीशी आणि 1961चा तुर्कस्तानशी झालेला कामगार करार. ऊर्जा असेल तर शेवटच्या तीन अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023ला बंद झाल्या. शिक्षण असेल तर सोळा राज्यांची आपापली धोरणं आणि कारखाना व शाळा मिळून दिलं जाणारं व्यवसायशिक्षण. आणि हा विषय फक्त जर्मनीपुरता नाही: ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, पूर्व बेल्जियम आणि इटलीतलं दक्षिण टिरोल इथेही जर्मनला अधिकृत स्थान आहे. प्रत्येक विषयाला एक पान: चार-पाच तथ्यं, पंधरा शब्द आणि तुमचं स्वतःचं मत.

बोलणं

तोंडी परीक्षेसाठी पाठ केलेलं भाषण परीक्षकाला लगेच ओळखू येतं. मुद्दे लिहा, वाक्यं नको. रोज एका विषयावर दोन मिनिटं बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. वेळ मिळवणारी, सहमती-असहमती दाखवणारी काही वाक्यं मात्र जिभेवर असू द्या: 'मायनर माइनुंग नाख', 'दास माग झाइन, आबर'. पहिल्या वाक्यखंडानंतर लगेच क्रियापद, हे विसरू नका.

बोलण्याला सहजपणा येतो तो 'याह', 'डोख', 'माल' या छोट्या शब्दांनी, आणि ते इंग्रजीतून समजावणं जवळपास अशक्य. मराठीत ते रोज आपल्या तोंडी आहेत. 'कोम माल हेर' म्हणजे 'जरा इकडे ये'. 'कोम डोख मिट' म्हणजे 'चल ना बरोबर'. 'दास इस्ट याह टोल' म्हणजे 'हे तर भारीच आहे की'. आपले जरा, ना, की, च जिथे येतात तिथे हे वापरून पाहा. निबंधात मात्र टाळा.

लेखी परीक्षेत शेवटची दहा मिनिटं तपासणीसाठी राखून ठेवा आणि सगळं एकदम तपासू नका. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: जागा बरोबर आहे का, कर्त्याशी जुळतात का. दुसऱ्या फेरीत शब्दयोगी अव्ययांनंतरच्या विभक्ती. तिसऱ्या फेरीत विशेषणांचे प्रत्यय आणि नामांची मोठी अक्षरं. उरलेल्या वेळात तुमच्या चुकांच्या वहीत ज्या दोन प्रकारांची पानं सर्वांत भरलेली आहेत, तेवढेच पाहा.